उसन्या नावाची किंमत

जुमाची नमाज आटोपल्यावर इमामाकडे जे प्रश्न येतात त्यांची जातकुळी बहुधा ठरलेली असते. वारसाहक्काचा हिशेब, जकातीचा निसाब, तलाकचा एखादा गुंता, पहाटे पडलेल्या स्वप्नाचा अर्थ, आणि अधूनमधून शेजारच्या भिंतीवरून पेटलेला तंटा. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मात्र यांपैकी कोणत्याच खणात बसणारा नव्हता. बाजारपेठेत त्यांचे शिवणकामाचे लहानसे दुकान आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून शहरातील वसतिगृहात राहतो. मुलाला लॅपटॉप हवा होता, आणि त्याचा मामा दुबईहून येताना तो आणणार होता. पसंतीस दोन यंत्रे उतरली होती. आतला प्रोसेसर एकच, स्मृती तेवढीच, पडदाही जवळपास तसाच. एकाची किंमत 62 हजार, दुसऱ्याची 98 हजार. दुसऱ्याच्या झाकणावर एका प्रसिद्ध शर्यतीच्या मोटारीचे नाव आणि चिन्ह होते.

"मौलाना," ते म्हणाले, "ते यंत्र हराम आहे का, हे मी विचारत नाही. ते तेवढ्या किमतीचे आहे का, एवढेच सांगा."

मुलगा बाजूला, नजर खाली घालून उभा होता. मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. "इशाच्या नमाजनंतर घरी या," असे सांगून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नव्हते. 'हा इस्राफ आहे' हे वाक्य जिभेवर आले होते; पण जे वाक्य इतक्या चटकन जिभेवर येते त्याची थोडी तपासणी करावी, अशी शिकवण मला माझ्या उस्तादांकडून मिळालेली आहे.

अशी यंत्रे काही कालपरवा निघालेली नाहीत. तैवानच्या एसर कंपनीने 2003 साली फेरारीच्या नावाचा पहिला लॅपटॉप बाजारात आणला. फेरारीच्या शर्यतीच्या संघाला ती कंपनी त्या काळी पुरस्कृत करीत होती. लाल रंगाचे झाकण, त्यावर उधळलेला घोडा. 2005 साली आलेल्या त्याच मालिकेतील यंत्राचे झाकण कार्बन फायबरचे होते. 2006 साली तैवानच्याच असुस कंपनीने लॅम्बोर्गिनीच्या नावाचे यंत्र काढले; त्यावर बैल होता आणि हात टेकण्याच्या जागी चामडे लावलेले होते. 2020 साली एसरने पोर्शे डिझाइनच्या नावाने पुन्हा असाच एक लॅपटॉप आणला. घोडा आणि बैल हे सजीव असल्याने त्यांच्या चित्राचा मसला कोणाच्या मनात येईल. तो स्वतंत्र विषय आहे आणि आजचा प्रश्न त्यावर अडलेला नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जास्तीचे सगळेच पैसे हवेत जातात असे नाही. कार्बन फायबर म्हणजे केसाहून बारीक तंतू राळेत बसवून केलेला पदार्थ. तो वजनाला हलका आणि वाकायला कठीण असतो, म्हणूनच शर्यतीच्या मोटारींना तो प्रिय झाला. 1981 साली मॅक्लारेन संघाने फॉर्म्युला वनच्या मोटारीचा मुख्य सांगाडाच त्याचा केला, आणि पुढे सगळ्यांनी तोच मार्ग धरला. असे झाकण असलेले यंत्र पाठीवर रोज वाहून नेणाऱ्या विद्यार्थ्याला थोडे हलके लागेल, झाकण दाबाखाली कमी वाकेल. चामड्याला मोल आहे, चांगल्या रंगकामाला मोल आहे. थोडीच यंत्रे बनवायची असली की एकेका यंत्रावर पडणारा खर्चही वाढतो. हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते नावाचे भाडे. मोटारीची कंपनी आपले नाव वापरू देते, यंत्राची कंपनी त्याबद्दल तिला पैसे मोजते, आणि शेवटी ते पैसे आपल्या खिशातून जातात.

तर मग नावाचे पैसे घेणे शरीअतला मान्य आहे काय? येथे फिक्हचे उत्तर पुष्कळांना वाटते त्याहून मोकळे आहे. मदीनेत एकदा भाव फार चढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) ती नाकारली. भाव ठरवणारा अल्लाह आहे, आणि कोणाच्या जिवावर वा मालावर आपल्याकडून अन्याय झाल्याचा दावा शिरावर न घेता आपल्या रबला भेटावे अशी आपली इच्छा आहे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर हजरत अनस (रजि.) यांच्या कथनातून अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवले आहे. हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांचा प्रसंग बुखारीत आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना एक बकरी आणण्यासाठी एक दीनार दिला. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, वाटेतच एक बकरी एका दीनाराला विकली, आणि बकरी व दीनार दोन्ही घेऊन परतले. म्हणजे नफा खरेदीइतकाच झाला. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. शंभर टक्के नफा म्हणजे पाप, असे यावरून म्हणता येत नाही. आणि आपल्या काळात, 1988 साली कुवेतमधील अधिवेशनात, इस्लामी परिषद संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी नाव व बोधचिन्ह यांना आर्थिक मोल असलेला हक्क मानले. फसवणूक नसेल तर त्यांची देवघेव वैध ठरवली. तेव्हा घोड्याचे नाव भाड्याने देणारा, ते घेणारा आणि त्याचे पैसे मोजणारा, तिघेही उघड्या डोळ्यांनी व्यवहार करीत असतील तर कायद्याच्या अंगाने त्यांना अडवता येणार नाही.

उघड्या डोळ्यांनी, हा शब्द मात्र येथे महत्त्वाचा आहे. मदरशात बलागत शिकताना 'इस्तिआरा' हा अलंकार आम्ही शिकलो, आणि पुढे महाविद्यालयात मराठी साहित्यशास्त्रात रूपक शिकलो. दोहोंचा स्वभाव बराचसा सारखा. इस्तिआरा या शब्दाचा मूळ अर्थच 'उसने घेणे' असा आहे. शूर माणसाला सिंह म्हणायचे तर सिंहाचे नाव काही काळ उसने घ्यायचे. उस्ताद विचारायचे, 'वज्हे-शबह' कोणती? म्हणजे उसने घेण्याजोगे साधर्म्य कोठे आहे? ते दाखवता आले नाही तर अलंकार कोसळतो. लॅपटॉपने मोटारीचे नाव उसने घेतले आहे. मग साधर्म्य कोणते? वेग म्हणावा तर वेग प्रोसेसरचा, आणि तो प्रोसेसर शेजारच्या साध्या यंत्रातही तोच आहे. रंग आणि झाकणाचा पदार्थ, एवढे साधर्म्य खरे. ऐकणाऱ्याला हे रूपक आहे हे ठाऊक असेल तर रूपक खोटे नसते. 'हे यंत्र त्या मोटारीसारखे धावते' असे जो खरेच समजून बसला त्याच्यासाठी मात्र तेच रूपक खोटे होते.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये बसऱ्याचे कापड व्यापारी, ताबिई यूनुस बिन उबैद (रह.) यांची एक हकीकत दिली आहे. त्यांच्या दुकानात दोन प्रतींची वस्त्रे होती, एक चारशे दिरहमचे आणि एक दोनशेचे. ते नमाजला गेले असताना पुतण्या दुकानात होता. एका ग्रामीण अरबाने चारशेचे वस्त्र मागितले. पुतण्याने दोनशेचे दाखवले, गिऱ्हाइकाला ते आवडले आणि तो चारशे देऊन निघाला. वाटेत यूनुस (रह.) भेटले. हातावरचे वस्त्र त्यांनी ओळखले, किंमत विचारली, आणि हे दोनशेच्या वर नाही, परत चला, असे सांगितले. गिऱ्हाईक म्हणाले, आमच्याकडे हे पाचशेला जाईल आणि मी खूश आहे. यूनुस (रह.) यांनी तरीही त्याला दुकानात नेऊन दोनशे दिरहम परत केले आणि पुतण्याची कानउघाडणी केली. पुतण्या म्हणाला, त्याने राजीखुशीने घेतले. त्यावर त्यांनी विचारले की तुला स्वतःसाठी जे आवडले असते ते तू त्याच्यासाठी का पसंत केले नाहीस?

ही हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा दुकानदाराच्या बाजूने वाचतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटते की 'गिऱ्हाईक राजी आहे' एवढ्याने विकणाऱ्याचा हिशेब संपत नाही. परंतु त्या रात्री माझ्या घरी विकणारा बसलेला नव्हता. घेणारा बसलेला होता. आणि घेणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो, कारण त्याला स्वतःच्या राजीपणाचीच झडती घ्यायची असते.

बापलेक आले. चहा झाला. मी 'इस्राफ' या शब्दाने सुरुवात केली असती तर मुलगा गप्प बसला असता आणि मनातून उठून गेला असता. शिवाय तो शब्द येथे सरसकट लागू होतो, अशी माझी खात्रीही नव्हती. पवित्र कुरआनच्या सूरह आराफमध्ये दोन आयती एकमेकींना लागून आहेत. 31 व्या आयतीत खा, प्या पण मर्यादा ओलांडू नका असा आदेश आहे. लगेच 32 वी आयत विचारते की अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा कोणी निषिद्ध ठरवली? आपल्या प्रवचनांत पहिली आयत जितक्या वेळा येते तितक्या वेळा दुसरी येत नाही. ज्याच्या हृदयात कणभर अहंकार असेल तो स्वर्गात जाणार नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले तेव्हा एका माणसाने विचारले की आपले कपडे चांगले असावेत, पादत्राण चांगले असावे असे माणसाला आवडतेच, त्याचे काय? प्रेषितांनी (स.) ते अहंकारात धरले नाही. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे; अहंकार म्हणजे सत्य धुडकावणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, असे त्यांनी स्पष्ट केले. सहीह मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या कथनातून हे आले आहे. मालिक बिन नजला (रजि.) फाटक्यातुटक्या कपड्यांत प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषितांनी (स.) विचारले, मालमत्ता आहे का? उंट, मेंढ्या, घोडे, सारे काही होते. तेव्हा अल्लाहच्या देणगीची खूण तुमच्या अंगावर दिसू द्या, असे त्यांना सांगण्यात आले. इमाम मालिक (रह.) उत्तम वस्त्रे वापरीत. इमाम अबू हनीफा (रह.) तर कूफ्यात कापडाचाच व्यापार करीत.

मला आणखी एक गोष्ट येथे आवडते. प्रेषितांच्या (स.) वापरातील वस्तूंना आणि जनावरांना नावे होती. उंटिणीचे नाव कसवा, घोड्याचे सकब, तलवारीचे जुल्फिकार. आवडत्या वस्तूला नाव असणे, ते नाव घेताना बरे वाटणे, यात गैर काही नाही. आणि वेगाचे प्रेमही गैर नाही; मदीनेत त्यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या, हे बुखारीतच आहे.

हे ऐकून मुलाची मान जरा वर आली. वडिलांच्या कपाळाला आठी पडली. इमाम आपल्या बाजूने बोलेल या भरवशावर ते आले होते. मग मुलाने जे सांगितले ते माझ्या अपेक्षेबाहेरचे होते.

"मौलाना, मला गती वगैरे काही नको. तेवढे मलाही कळते. पण वर्गात माझे नाव वाचले की काहींचे चेहरे बदलतात. शिंप्याचा मुलगा म्हटले की आणखी बदलतात. असे यंत्र टेबलावर ठेवले की ते स्वतः जवळ येतात, विचारतात, बोलतात. एका मित्राकडे आहे, मी पाहिले आहे. अब्बांना वाटते मी झाकणासाठी हट्ट धरला आहे. मला तेथे बसायला जागा हवी आहे."

खोली गप्प झाली. हिशेबाच्या वहीत या वाक्यासाठी रकाना नव्हता. 36 हजार रुपये चामड्यासाठी आणि रंगासाठी जास्त आहेत, हे सांगणे सोपे होते. एका तरुणाच्या इज्जतीसाठी ते जास्त आहेत हे कोण सांगणार? आपल्यापैकी अनेकांनी, मीही, कधी ना कधी चारचौघांत बसायला जागा मिळावी म्हणून काहीतरी विकत घेतलेले आहे. गावाकडची लग्ने आठवा. ऋण काढून उभा केलेला तो मांडव कोणासाठी असतो?

मी त्याला विचारले, "ते जवळ येतात ते कोणाच्या? तुझ्या, की त्या घोड्याच्या?"

तो म्हणाला, "आधी घोड्याच्या. मग माझ्या."

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि त्यातले 'मग' खोटे आहे असे मला म्हणवत नाही. कधीकधी तसे घडतेही. पण येथे मला दोन हदीसा आठवल्या आणि त्या मी त्याला सांगितल्या. हजरत अस्मा बिंत अबू बक्र (रजि.) यांच्या कथनानुसार एका स्त्रीने प्रेषितांना (स.) विचारले की पतीने जे दिलेले नाही ते दिले आहे असे मी सवतीपुढे भासवले तर चालेल काय? उत्तर आले की जे लाभलेले नाही त्याने तृप्त असल्याचे सोंग करणारा हा खोटेपणाची दोन वस्त्रे ल्यालेल्या माणसासारखा आहे. दुसरी हदीस हजरत इब्ने उमर (रजि.) यांची, 'शोहरतच्या वस्त्रा'विषयीची. लोकांच्या नजरा वळाव्यात म्हणूनच जे वस्त्र अंगावर चढवले जाते त्याच्या बदल्यात कयामतच्या दिवशी अपमानाचे वस्त्र मिळेल, असा इशारा तीत आहे. शोहरतच्या वस्त्रात फाटके कपडेही येतात, असे विद्वानांनी म्हटले आहे, आणि ते आम्हा दाढीवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुद्दाम ठिगळ लावून फिरणाऱ्यालाही प्रेक्षक हवाच असतो.

मुलगा हुशार. त्याने लगेच वडिलांकडे पाहून म्हटले, "अब्बांच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या शहराचे नाव आहे. आमचे दुकान त्या शहरात कधी नव्हते." वडील ओशाळले आणि हसले. मलाही हसू आवरेना. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून वापरतो. पण पाटीचा मुद्दा त्याने बिनतोड मांडला होता. फरक असलाच तर तो इतका, की पाटीवरच्या शहराबद्दल गिऱ्हाइकाला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही, आणि त्या पाटीने शिंप्याच्या हातातील शिवण सुधारते किंवा बिघडते असे कोणी मानत नाही.

मग मी माझी चूक सांगितली, कारण त्या मुलाने आपले मन उघडे केले असताना मी हदीसांच्या आड बसून राहणे बरे दिसले नसते. माझ्या मागच्या कपाटात इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांच्या 'फत्हुल बारी'चे तेरा खंड आहेत. बैरूतची छपाई, तपकिरी चामडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरे. त्याच ग्रंथाची साधी प्रत निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. मजकूर तोच. महागड्या प्रतीचा टाइप मोठा आहे, कागद चांगला आहे, रात्री वाचताना डोळे दुखत नाहीत. तेवढ्यापुरते जास्तीचे पैसे मी आजही योग्य मानतो. पण मी ती घेतली तेव्हा एवढाच विचार होता काय? मशिदीच्या विश्वस्तांची बैठक त्या खोलीत होते. नव्या, तरुण इमामाच्या पाठीमागे सोनेरी अक्षरांची रांग दिसावी, असे मला वाटले होते. मलाही बसायला जागाच हवी होती.

"म्हणजे एकाच वस्तूत तीन खरेद्या असतात," मी त्याला म्हणालो. "एक उपयोगाची, एक शोभेची, एक लोकांच्या नजरेची. पहिलीला किंमत दे. दुसरीला ऐपतीप्रमाणे दे. तिसरीचे दुकान कधी बंद होत नाही, आणि तेथे पावती मिळत नाही." सूरह कससमध्ये कारूनची गोष्ट आहे. तो आपल्या थाटामाटात लोकांसमोर निघाला तेव्हा ऐहिकाची आस असलेले म्हणाले की आम्हालाही असेच मिळाले असते तर! ज्यांना ज्ञान मिळाले होते त्यांनी त्यांना सावध केले. कारून जमिनीत गडप झाला, आणि कालपर्यंत त्याच्या जागी असावे म्हणणारेच दुसऱ्या दिवशी आपण वाचलो म्हणू लागले. त्या गोष्टीत मला कारूनपेक्षा ते बघे जास्त महत्त्वाचे वाटतात. ते एका दिवसात बदलले. ज्यांच्या डोळ्यांसाठी थाट करायचा, ते डोळे असे.

वर्गातील चेहरे बदलतात, या त्याच्या तक्रारीवर मात्र माझ्याकडे पुरेसे उत्तर नव्हते, आणि मी तसे त्याला सांगितलेही. दोष बदलणाऱ्या चेहऱ्यांचा आहे, त्याच्या पिशवीतील यंत्राचा नाही. तेव्हा त्याची किंमत त्याने आणि त्याच्या वडिलांनी का भरावी, हा प्रश्न मी विचारू शकतो. पण रोज त्या वर्गात जाऊन बसायचे त्याला आहे, मला नाही.

यावर वडील प्रथमच बोलले. फार हळू बोलले. "नव्वद सदरे."

मला कळले नाही. त्यांनी समजावले. एका सदऱ्याची शिलाई चारशे रुपये. 36 हजार म्हणजे नव्वद सदरे. कापड कापणे, शिवणे, काजे, बटणे, इस्त्री. सणासुदीचे दिवस सोडले तर इतके सदरे शिवायला त्यांना दीड महिना लागतो. हा हिशेब त्यांनी मशिदीत येण्यापूर्वीच केला होता. मुलापुढे बोलायचा धीर होत नव्हता इतकेच.

इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये एक प्रसंग आहे. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन चालले होते. हजरत उमर (रजि.) यांनी विचारले, हे काय? ते म्हणाले, मांस खावेसे वाटले म्हणून एका दिरहमचे घेतले. मांस हलाल, दिरहम हलाल, इच्छा हलाल. तरीही उमर (रजि.) यांनी विचारले की शेजाऱ्यासाठी वा चुलतभावासाठी पोटाला थोडी चिमट घ्यावी असे तुमच्यापैकी कोणाला वाटत नाही काय? आणि सूरह अहकाफच्या ज्या आयतीत आपल्या चांगल्या गोष्टी ऐहिक जीवनातच संपवून टाकणाऱ्यांचा उल्लेख आहे, तिची त्यांनी आठवण दिली. किंमत योग्य की अयोग्य याचा तेथे प्रश्नच नव्हता. त्या दिरहमाने आणखी काय होऊ शकले असते, एवढीच विचारणा होती. वस्तूची किंमत दुकानात एक लिहिलेली असते. घरात ती दुसऱ्या एककात मोजली जाते, सदऱ्यांत, बहिणीच्या शाळेच्या शुल्कात, आजीच्या औषधांत. श्रीमंत घरात तेच 36 हजार याच अर्थाचे असतीलच असे नाही. म्हणून 'असे यंत्र घेणे योग्य की अयोग्य' याचे एकच उत्तर सगळ्या घरांना देणारा फतवा मी देणार नाही. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे वर्णन उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्या मधला मार्ग धरणारे असे आले आहे. तो मध्य प्रत्येक उंबऱ्यावर निराळ्या ठिकाणी पडतो.

एका बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत ठेवली नाही. मुलाने मध्येच सुचवले की जास्तीची रक्कम हप्त्यांनी फेडता येईल. व्याजाचे हप्ते असतील तर विषय तेथेच संपला. गरजेपोटीही ज्या दाराकडे आपण पाहू नये, ते दार झाकणावरच्या चित्रासाठी ठोठावायचे? 'बिनव्याजी' असे लिहिलेले असेल तर करारनामा नीट वाचा, व्याज दुसऱ्या एखाद्या नावाने आत बसलेले नाही ना ते पाहा. तेथेही उसन्या नावाचा खेळ चालतो.

जाण्यापूर्वी मी त्यांना अजबाची गोष्ट सांगितली. प्रेषितांची (स.) ही उंटीण शर्यतीत कधी हरत नसे. एकदा एक ग्रामीण अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिला मागे टाकून गेला. सहाबांना (रजि.) फार वाईट वाटले. त्यांचे चेहरे पाहून प्रेषितांनी (स.) सांगितले की जगात जी वस्तू उंच चढते तिला खाली आणणे हा अल्लाहचा नियम आहे. बुखारीत हजरत अनस (रजि.) यांनी हे सांगितले आहे. सर्वांत वेगवान उंटिणीच्या बाबतीत हे घडले. यंत्राच्या बाबतीत तर त्याला तीन-चार वर्षेही लागत नाहीत. 2003 सालच्या त्या लाल झाकणाच्या यंत्राहून आज माझ्या खिशातला साधा फोन वेगवान आहे.

मुलगा उठता उठता थांबला. कपाटाकडे पाहून त्याने विचारले, "मौलाना, मग आपण ती सोनेरी प्रत परत कराल?"

वडील त्याला दटावू लागले. मी म्हणालो, विचारू द्या, त्याचा हक्क आहे. मी उठून खंड खाली काढून त्याच्यासमोर ठेवले. पहिल्या तीन खंडांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरे बोटे लागून लागून पुसट झाली आहेत. पुढच्या दहा खंडांवर ती अजून जशीच्या तशी चमकतात. तो काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने चौथा खंड उचलला, उघडला, आणि पाने एकमेकांना चिकटलेली आहेत असे मला दाखवले.